दोष चालकाचा, फाटक कोणाचे?

३ फेब्रुवारी २००५ रोजी नागपूरजवळच्या कन्हान येथे वऱ्हाडाने भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली राखणदार नसलेल्या रेल्वे फाटकावर पॅसेंजर गाडीच्या तडाख्यात सापडली आणि पन्नासहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. २४ जुलै २०१४ रोजी तेलंगणातील मेदक जिल्ह्यात मासाईपेठ येथे नांदेडहून सिकंदराबादला निघालेल्या पॅसेंजरने शाळेच्या बसला धडक दिली. तेथेही राखणदार नव्हता आणि मेलेल्यांत बहुतेक लहान मुले होती. २६ एप्रिल २०१८ रोजी उत्तर प्रदेशातील कुशीनगर जिल्ह्यात शाळेची व्हॅन अशाच जागी रेल्वेखाली आली आणि १३ मुले गेली. या प्रत्येक अपघातानंतर पहिल्या काही तासांत चूक कोणाची हे विचारले गेले आणि बोट वाहन चालवणाऱ्याकडे गेले. बहुधा ते योग्य दिशेने गेले होते. तरीही त्या उत्तराने पुढचा अपघात टळला नाही आणि जेव्हा असे अपघात टळू लागले तेव्हा ते निराळ्या कारणाने टळले. चूक कोणाची हा एक प्रश्न आहे आणि ती चूक जीवघेणी होऊ न देण्याची ताकद कोणाच्या हाती होती हा दुसरा. जबाबदारी वाटताना आपण पहिल्या प्रश्नापाशीच थांबतो, आणि हे थांबणे रेल्वेला, राज्य सरकारांना आणि काही प्रमाणात आपल्यालाही सोयीचे पडते.

कायदा या बाबतीत मुळीच संदिग्ध नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३१ प्रमाणे राखणदार नसलेल्या फाटकापाशी चालकाने वाहन थांबवायचे असते, वाहक, क्लीनर किंवा सोबतच्या माणसाने रुळांपर्यंत चालत जाऊन दोन्ही बाजूंनी गाडी येत नाही याची खात्री करायची असते आणि मग पुढे राहून वाहन पलीकडे न्यायचे असते. सोबत कोणी नसेल तर चालकाने स्वतः खाली उतरायचे असते. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १६१ नुसार न थांबता किंवा येणारी गाडी दिसत असताना असे फाटक ओलांडणे हा एक वर्षापर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. बंद फाटक उघडले किंवा तोडले तर कलम १६० खाली शिक्षा त्याहून मोठी आहे. हे नियम चुकीचे नाहीत. कुशीनगरच्या चालकाच्या कानात इअरफोन होते, असे तेव्हा सांगितले गेले. तेथे वाहनांना सावध करण्यासाठी रेल्वेने नेमलेला ‘गेट मित्र’ त्याला थांबण्यासाठी ओरडत होता. असा चालक दोषी नाही, असे कोणी म्हणणार नाही.

परंतु हाच नियम कन्हानसारख्या ठिकाणी ट्रॅक्टरवर बसून वाचून पाहावा. फाटकाआधी ६०० मीटर अंतरावर लोको पायलटसाठी शिटीचा फलक असतो. गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने येत असेल तर ती सेकंदाला सुमारे २८ मीटर अंतर कापते, म्हणजे शिटी वाजल्यापासून इंजिन फाटकावर पोहोचेपर्यंत जेमतेम २१-२२ सेकंद मिळतात. थांबलेल्या ट्रॅक्टरला भरलेली ट्रॉली ओढत, उंचावलेल्या रुळांवर चढत, मागचे चाक पलीकडे नेईपर्यंत पायी चालण्याच्या वेगाने पंधरा सेकंद सहज लागतात. राहिलेल्या सहा-सात सेकंदांत डिझेल इंजिनाच्या धडधडीतून शिटी ऐकू यायची, तिची दिशा कळायची आणि निर्णय व्हायचा. वळण असेल, बाभळीची झुडपे वाढलेली असतील, पावसाळी सकाळ असेल किंवा दुसऱ्या रुळावरून मालगाडी जात असेल, तर हा हिशेबही कोलमडतो. लोको पायलटने ट्रॉली पाहताक्षणी आपत्कालीन ब्रेक लावला, तरी त्या वेगातील गाडी कित्येकशे मीटर पुढे जाऊनच थांबते. त्याच्या हाती तेवढेच असते आणि झालेले सगळे त्याला समोरून पाहावे लागते. ज्या रचनेत सर्व सावधगिरी बाळगणाऱ्या माणसालाही काही सेकंदांचीच मोकळीक मिळते, तिथे एखादा माणूस घाई करणार, एखाद्याचे लक्ष नसणार, हे गृहीत धरूनच रचना करायला हवी होती.

हे केवळ माझे मत नाही. रेल्वेने अनवधानाने त्याचा पुरावाच तयार करून ठेवला आहे. रेल्वेच्या नोंदींनुसार राखणदार नसलेल्या फाटकांवरचे अपघात २०१४-१५ मध्ये ५० होते, २०१५-१६ मध्ये २३, २०१७-१८ मध्ये १०, २०१८-१९ मध्ये ३ आणि २०१९-२० मध्ये शून्य. या काळात देशातील ट्रॅक्टरचालक शिस्तीचे झाले, शाळांच्या व्हॅनवर अधिक जबाबदार माणसे नेमली गेली किंवा मोबाइलचा वापर घटला, असे कोणीही म्हणू शकत नाही. मोबाइल तर याच वर्षांत घरोघरी पोहोचला. बदलले ते फाटक. कुठे माणूस नेमला गेला, कुठे भुयारी मार्ग झाला, कुठे ते बंद करून रस्ता शेजारच्या फाटकाला जोडला गेला. कुशीनगरनंतर कामाला जो वेग आला त्यात एका वर्षात तीन हजारांहून अधिक राखणदार नसलेली फाटके संपली आणि ३१ जानेवारी २०१९ पर्यंत ब्रॉडगेजवरील अशी सर्व फाटके हटवल्याचे रेल्वेने जाहीर केले. पैसा, आराखडा, अधिकार आणि इच्छा एकत्र आल्यावर जे काम काही महिन्यांत होऊ शकले, ते दशकानुदशके झाले नाही. त्या दशकांत मेलेल्या माणसांच्या बाबतीत ‘चालकाची चूक’ हे उत्तर पुरेसे कसे मानायचे?

याचे एक कारण रेल्वेच्या नोंदवहीत सापडते. अपघाताचे कारण नोंदवताना रेल्वे कर्मचाऱ्यांची चूक, उपकरणातील बिघाड, घातपात अशा रकान्यांबरोबर ‘रेल्वे कर्मचाऱ्यांव्यतिरिक्त इतरांची चूक’ असा एक रकाना असतो आणि राखणदार नसलेल्या फाटकांवरचे बहुतेक अपघात याच रकान्यात जात. एकदा अपघात तेथे नोंदला गेला की खात्यातील कोणावर काही करण्याचे बंधन उरत नाही, कारण दुरुस्त करायचे ते ‘इतरांनी’. मग इतरांसाठी जनजागृतीचे फलक लागतात, पथनाट्ये होतात, आणि फाटक होते तसेच राहते.

सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९९७ साली, केरळमध्ये १९७९ मध्ये झालेल्या अशाच एका अपघाताच्या खटल्यात वेगळी भूमिका घेतली होती. वाहनचालक निष्काळजी होता हे मान्य करूनही न्यायालयाने असे धरले की, वर्दळीच्या फाटकावर राखणदार नेमण्याची आणि योग्य ती खबरदारी घेण्याची स्वतंत्र जबाबदारी रेल्वेवर आहे, सरकारने तसा आदेश काढला नाही एवढ्यावरून ती संपत नाही, आणि चालकाच्या चुकीचा भार त्याच्या वाहनात बसलेल्या प्रवाशांच्या माथी मारता येत नाही. या निकालातील शेवटचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपण ‘त्यांची चूक’ म्हणतो तेव्हा त्या ‘त्यां’मध्ये ट्रॉलीत मागे बसलेल्या वऱ्हाडाला आणि बसमध्ये दप्तर मांडीवर घेऊन बसलेल्या मुलांनाही नकळत गोवतो, आणि तसे करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही.

राखणदार आला म्हणजे प्रश्न मिटला, असेही नाही. बोट फक्त चालकावरून गेटमनकडे वळते. ८ जुलै २०२५ रोजी तमिळनाडूतील कडलूरजवळ सेम्मनकुप्पम येथे गेटमन असलेल्या फाटकावर शाळेच्या व्हॅनला पॅसेंजर गाडीने धडक दिली आणि तीन मुले मरण पावली. चालकाने फाटक उघडायला लावले, असा दावा सुरुवातीला झाला. नंतरच्या चौकशीतून फाटक बंदच झाले नव्हते आणि ते बंद केल्याचा खासगी क्रमांक मात्र स्टेशन मास्तरला कळवला गेला होता, असे पुढे आले. गेटमनला अटक झाली. त्याने कर्तव्यात कसूर केली असेल तर ती गंभीर आहे, पण अशा प्रकारच्या फाटकांवर व्यवस्था कशी चालते हे समजून घेतल्याशिवाय त्या कसुरीचे मोल ठरत नाही. स्टेशन मास्तर फोनवरून गाडी येत असल्याचे कळवतो, गेटमन फाटक लावतो आणि आपल्याकडील तक्त्यातला एक क्रमांक सांगतो. तो क्रमांक म्हणजे फाटक बंद असल्याची ग्वाही. फाटक सिग्नलशी जोडलेले, म्हणजे इंटरलॉक केलेले असेल, तर ते बंद झाल्याशिवाय सिग्नल हिरवा होऊच शकत नाही. तसे नसेल तर एका माणसाच्या तोंडच्या शब्दावर पूर्ण वेगातली गाडी सोडली जाते, आणि हा माणूस अनेक ठिकाणी बारा तासांच्या पाळीत एकटा बसलेला असतो, कारण त्याचे काम अखंड नसून अधूनमधून करायचे आहे असे नियमांनी ठरवलेले असते.

त्याच अपघातानंतर रेल्वेने हेही सांगितले की, त्या जागी भुयारी मार्ग बांधण्यास मंजुरी आणि पूर्ण निधी होता, परंतु जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी वर्षभर मिळाली नव्हती. हे खरे असेल तर त्या परवानगीच्या कागदावर ज्यांनी वर्षभर सही केली नाही, त्यांच्या जबाबदारीची मोजणी कोणत्या कलमाखाली होणार? गेटमन तुरुंगात जाऊ शकतो, चालकावर खटला चालू शकतो. प्रलंबित फायलीवर गुन्हा नोंदत नाहीत. दुर्घटनेनंतर रेल्वेमंत्र्यांनी सर्व फाटकांवर सीसीटीव्ही बसवण्याचे, फाटक आणि स्टेशन यांच्यातील संभाषणाच्या नोंदी रोज अचानक तपासण्याचे आणि इंटरलॉकिंगसाठीची वर्दळीची मर्यादा खाली आणण्याचे आदेश दिले. यांतला तिसरा आदेश खरा उपयोगाचा आहे. पहिले दोन गेटमनवर नजर ठेवणारे आहेत, आणि नजर ठेवल्याने दमलेला माणूस ताजातवाना होत नाही. देशात आजही राखणदार असलेली सतरा हजारांच्या आसपास फाटके आहेत आणि त्यांपैकी अकरा हजारांहून अधिक इंटरलॉक केलेली आहेत. उरलेल्या हजारो ठिकाणी गाडीची सुरक्षितता अजून फोनवरच्या एका क्रमांकावर अवलंबून आहे.

इतर देशांनी हा धडा स्वस्तात शिकलेला नाही. इंग्लंडमध्ये ६ जानेवारी १९६८ रोजी हिक्सन येथे १२० टनांचा ट्रान्सफॉर्मर वाहून नेणारे अवाढव्य वाहन नव्याने बसवलेल्या स्वयंचलित फाटकावर एक्स्प्रेस गाडीच्या वाटेत आले आणि ११ जण मेले. फाटकाचा इशारा मिळाल्यावर गाडी येईपर्यंत २४ सेकंद होते. या वाहनाला रूळ ओलांडायला सुमारे एक मिनिट लागणार होते. अशा वाहनाने आधी सिग्नलमनला फोन करावा, अशी सूचना रस्त्याकडेला लिहिलेली होती, पण ना चालकाला ती ठाऊक होती, ना सोबत आलेल्या पोलिसांना. ‘फलक वाचला नाही, म्हणून चालक दोषी’ असा निष्कर्ष काढून प्रकरण मिटवता आले असते. तसे न करता तेथे जाहीर चौकशी झाली आणि वाहतूक कंपनी, रेल्वे, मंत्रालय व पोलीस यांनी हा नवा धोका एकमेकांना आणि चालकांना नीट समजावलाच नव्हता, हे तिने दाखवून दिले. २००५ मध्ये एल्सनहॅम स्थानकाजवळच्या पादचारी फाटकावर दोन मुली गेल्या, तेव्हा सुरुवातीला तो दुर्दैवी अपघात ठरला होता. फाटकाला आपोआप कुलूप लागण्याची सोय विचारात घ्यावी असे सुचवणारी जोखमीची कागदपत्रे काही वर्षांनी बाहेर आली आणि २०१२ मध्ये रूळ सांभाळणाऱ्या नेटवर्क रेलला दहा लाख पौंडांचा दंड झाला. ती कागदपत्रे बाहेर आली नसती, तर दोष त्या मुलींच्या घाईवरच राहिला असता.

आपल्याकडे तर किती माणसे फाटकांवर मरतात यावरच सरकारच्या दोन खात्यांचे एकमत नाही. रेल्वेच्या हिशेबात फाटकावरचे अपघात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले असताना, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२१ च्या अहवालात रेल्वे क्रॉसिंगवरील दीड हजारांवर अपघात आणि अठराशेच्या आसपास मृत्यू नोंदलेले आहेत. दोन्ही आकडे आपापल्या व्याख्येनुसार काढलेले आहेत. गाड्यांचे नुकसान किंवा खोळंबा करणारे मोठे अपघात रेल्वे मोजते. रूळ ओलांडताना मेलेला पादचारी तिच्या लेखी बहुधा अनधिकृत प्रवेश करणारा असतो. पोलीस मृतदेह मोजतात. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय सुरक्षा समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये नेमका या भेदावर बोट ठेवले होते. दरवर्षी रूळ ओलांडताना सुमारे १५,००० माणसे मरतात आणि त्यांतली ६,००० च्या आसपास एकट्या मुंबईच्या उपनगरी मार्गांवर मरतात, असे सांगून समितीने सर्व फाटके, राखणदार असलेली आणि नसलेलीही, पाच वर्षांत संपवावीत, अशी शिफारस केली होती. त्यासाठी ५०,००० कोटी रुपयांचा अंदाज होता. रक्कम मोठी वाटते, परंतु फाटके गेल्यावर गाड्यांचा खोळंबा आणि मनुष्यबळाचा खर्च वाचून ती काही वर्षांत वसूल होईल, असेही समितीने म्हटले होते.

याविरुद्धचा सर्वांत वजनदार आक्षेप असा की, रचना कितीही सुधारली तरी माणूस ती मोडतोच. मार्च २०२५ मध्ये जळगाव जिल्ह्यातील बोदवडला धान्याने भरलेला एक ट्रक बंद फाटक तोडून रुळांवर आला आणि मुंबई-अमरावती एक्स्प्रेसने त्याला धडक दिली. कोणी मेले नाही, हे नशीब. शहरांत लावलेल्या फाटकाखालून दुचाकी तिरपी करून काढणारे रोज दिसतात आणि त्यांत कामाला उशीर होणारे जितके असतात तितकेच निव्वळ सवयीने वागणारेही असतात. अशांना कलम १६० चा बडगा दाखवलाच पाहिजे. त्याबाबत मला कसलीही दयामाया वाटत नाही. पण फाटक वारंवार आणि पंधरा-पंधरा मिनिटे बंद राहत असेल, तर त्याखालून जाणाऱ्यांची संख्या वाढते, हेही प्रत्येक गेटमन जाणतो. मुंबईच्या उपनगरी मार्गावरील दिवा स्थानकाजवळचे फाटक याचे ठळक उदाहरण आहे. ते उघडले की लोकल अडकतात, बंद ठेवले की रस्ता अडकतो. उड्डाणपुलाचे काम मात्र जागेच्या आणि परवानग्यांच्या गुंत्यात वर्षानुवर्षे रेंगाळले. पुलाचा खर्च रेल्वे आणि राज्य यांनी निम्मा-निम्मा उचलायचा, रुळांवरचा भाग रेल्वेने आणि दोन्ही बाजूंचे पोचरस्ते राज्याने बांधायचे, अशी जुनी पद्धत होती, आणि तिच्यामुळे अधांतरी उभे राहिलेले पूल महाराष्ट्राने भरपूर पाहिले आहेत. राज्य सरकार आणि रेल्वे यांची संयुक्त कंपनी असलेल्या महारेलसारखी एकच यंत्रणा दोन्ही कामे करू लागली, हे त्या दृष्टीने चांगलेच झाले.

भुयारी मार्गांबद्दल मात्र रेल्वेने स्वतःची पाठ थोपटून घेणे थांबवावे. फाटक हटवल्याचा आकडा वाढवण्याच्या घाईत अनेक गावांना अशा मोऱ्या मिळाल्या, ज्यांत पावसाळ्यात गुडघाभर ते कमरेएवढे पाणी साचते आणि ज्यांतून उसाची किंवा कडब्याची भरलेली गाडी उंचीमुळे जात नाही. अशा ठिकाणी शेतकरी पुन्हा रुळांवरूनच जातो, आता फाटक नाही, गेटमन नाही, फलकही नाही, आणि मेला तर तो अनधिकृत प्रवेश करणारा ठरतो. कागदावर तेथे धोका उरलेलाच नसतो.

म्हणून फाटकावरच्या प्रत्येक प्राणघातक अपघाताची चौकशी रेल्वेच्या अधिकाऱ्यांपुरती न ठेवता रेल्वे सुरक्षा आयुक्तांकडे जावी, असे मला वाटते. हे आयुक्त नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत ठेवलेले आहेत, ते याच हेतूने, की रेल्वेने स्वतःची चौकशी स्वतः करू नये. त्या चौकशीत चालक आणि गेटमन यांच्याबरोबर त्या फाटकाचा इतिहासही तपासला जावा: वर्दळीची मोजणी शेवटची कधी झाली, गावाने काय मागितले होते, पूल किंवा भुयारी मार्ग मंजूर होता का, आणि तो कोणाच्या टेबलावर किती दिवस थांबला. अहवाल ठरावीक मुदतीत जाहीर व्हावा आणि संबंधित ग्रामपंचायतीला त्याची प्रत मराठीत मिळावी.

दुसरी गोष्ट भरपाईची. रेल्वे कायद्याच्या कलम १२४ आणि १२४-अ खाली गाडीतील प्रवाशाला, रेल्वेची चूक असो वा नसो, भरपाई मिळते. मृत्यूसाठी ती २०१७ पासून आठ लाख रुपये आहे. फाटकावर त्याच गाडीखाली आलेल्या व्हॅनमधील मुलाला या कलमांचा आधार नाही. त्याच्या आईवडिलांना मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जावे लागते, तेथे वाहनाचा विमाच शोधावा लागतो, आणि रेल्वेचा निष्काळजीपणा हवा असेल तर तो पुराव्यांनी सिद्ध करावा लागतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतल्या वऱ्हाडाची अवस्था तर याहून बिकट, कारण ट्रॉली शेतमालासाठी असते आणि तीत माणसे बसवली म्हणून विमा कंपनी हात वर करते. रस्त्यावरील वाहनात नुसते बसून असलेल्या माणसाला फाटकावरच्या अपघातासाठी त्याच कलमांखाली आणण्याला कायद्यात एका दुरुस्तीपलीकडे काही लागत नाही. ती झाली तर रेल्वेला प्रत्येक धोकादायक फाटकाची किंमत दरवर्षी आपल्या हिशेबात दिसू लागेल, आणि चालकाच्या चुकीवर वाद घालणे मृतांच्या कुटुंबाला न थांबवता सावकाश, न्यायालयात, चालू राहू शकेल.